साखरवही : माहिती वापरणाऱ्याच्या ताब्यात ठेवून ॲप कसं बांधायचं

बाबांची साखर आम्ही तीन वर्षं एका मोफत ॲपमध्ये नोंदवत होतो. सकाळी उपाशीपोटी एकदा, रात्री जेवणानंतर दोन तासांनी एकदा. एके दिवशी ती सेवा बंद झाली. महिनाभर आधी सूचना आली होती म्हणे, पण ती बाबांनी कधीच न उघडलेल्या ईमेलवर. हाती लागली ती फक्त आलेखांची पीडीएफ. तीत वरखाली जाणारी रेघ दिसत होती, आकडे नव्हते. डॉक्टरांनी मागच्या सहा महिन्यांचं विचारलं तेव्हा कामी आले ते आईने भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेले आकडे.

त्यानंतर मी ठरवलं की घरासाठी ॲप लिहायचंच, पण नोंदी त्या ॲपच्या पोटात ठेवायच्या नाहीत. त्या बाबांच्या जागेत राहतील. ॲप तिथे जाऊन वाचेल आणि लिहील, आणि उद्या ॲप गेलं तरी नोंदी जागच्या जागी असतील. हे मी सॉलिड वापरून कसं केलं ते पायरीपायरीने सांगतो. थोडी जावास्क्रिप्ट येत असेल आणि ब्राउझर सर्व्हरकडे माहिती मागतो म्हणजे काय होतं एवढं ठाऊक असेल तर पुरे.

आधी थोडी ओळख

वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडणारे टिम बर्नर्स-ली यांनी सॉलिडचं काम एमआयटीमध्ये सुरू केलं. २०१८ मध्ये त्यासाठी इनरप्ट ही कंपनी पुढे आली आणि २०२४ मध्ये प्रकल्पाची जबाबदारी ब्रिटनच्या ओपन डेटा इन्स्टिट्यूटने घेतली. सॉलिड हे एखादं उत्पादन नाही. एकमेकांत बसणाऱ्या नियमांचा तो संच आहे आणि ते नियम पाळणारा सर्व्हर कुणीही लिहू शकतो.

तीन शब्द लक्षात ठेवा. पॉड म्हणजे वेबवरची तुमची साठवणीची जागा, फोल्डर आणि फाइलींची. वेबआयडी म्हणजे तुमची ओळख सांगणारा वेबपत्ता. तिसरी ओळखसेवा, म्हणजे लॉगिन करवून घेणारी बाजू. नेहमीच्या ॲपमध्ये हे सगळं एकाच कंपनीकडे असतं. इथे तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात आणि ॲप चौथ्याच ठिकाणी.

सर्व्हर स्वतःच्या मशीनवर

सुरुवात घरच्या लॅपटॉपवर करा. गेंट विद्यापीठात आणि आयमेक या संशोधन संस्थेत घडलेला कम्युनिटी सॉलिड सर्व्हर शिकायला सगळ्यात सोयीचा आहे. नोड.जेएस १८ किंवा त्यापुढचं हवं. टर्मिनलमध्ये एनपीएक्सने (नोडबरोबर येणारं, पॅकेज चालवण्याचं साधन) सॉलिडच्या नावाखालचं कम्युनिटी-सर्व्हर हे पॅकेज चालवलं की पोर्ट ३००० वर सर्व्हर उभा राहतो.

मात्र पर्याय न देता चालवलेला सर्व्हर सगळं फक्त मेमरीत ठेवतो. सर्व्हर बंद केला की पॉड, खातं, नोंदी सगळं जातं. माझी पहिली संध्याकाळ त्यात गेली. म्हणून पहिल्याच दिवशी कॉन्फिगमध्ये ‘फाइल’ हा प्रकार निवडा आणि डॅश एफ पर्यायाने नोंदी कुठल्या फोल्डरमध्ये उतरवायच्या ते सांगा. मग डिस्कवर साध्या फाइली दिसतात आणि कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. एकदा उघडून बघाच. माहिती खरोखर आपल्याकडे आहे हे त्याशिवाय पटत नाही.

ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:३००० उघडून खातं काढा आणि त्यात पॉड तयार करा. मी ‘बाबा’ नावाचा केला. मिळालेला वेबआयडी असा होता:

लोकलहोस्ट:३०००/बाबा/प्रोफाइल/कार्ड#मी

(खरा पत्ता अर्थातच रोमन लिपीत असतो.) शेवटचं ‘मी’ इंग्रजीतलं आहे, पण मराठीतही अर्थ तोच लागतो, म्हणून ते डोक्यात पक्कं बसतं. हॅशच्या आधीचा भाग म्हणजे कागद, हॅशनंतरचं म्हणजे त्या कागदावर जिच्याबद्दल लिहिलंय ती व्यक्ती. कागद आणि माणूस वेगळे. हा फरक पुढे पावलोपावली लागतो.

एक गोष्ट आईबाबांकडे करताना मी कटाक्षाने पाळली. खातं बाबांच्या ईमेलवर काढलं आणि पासवर्ड त्यांच्याच हाताने एका कागदावर लिहून कपाटात ठेवला. पॉड मुलाच्या नावावर असेल तर आपण फक्त कंपनीच्या जागी मुलाला बसवलं.

नोंद कशी दिसेल, हे ॲपच्या आधी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. नेहमीच्या ॲपमध्ये डेटाबेसचा तक्ता आपल्यापुरता असतो, चुकला तर रात्रीतून बदलता येतो. इथे तुमची नोंद उद्या दुसऱ्या कुणाचं ॲप वाचणार आहे. त्याला तुमचा कोड दिसणार नाही, फक्त फाइल दिसेल. मग सगळा अर्थ फाइलीतच असायला हवा.

सॉलिडमध्ये अशी माहिती आरडीएफ या पद्धतीने लिहितात, बहुधा टर्टल नावाच्या मांडणीत. ती २०१४ पासून वेबचं प्रमाण ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस आहे. तत्त्व सोपं आहे. प्रत्येक विधानाचे तीन भाग: कशाबद्दल, कुठला गुणधर्म, काय मूल्य. संक्रांतीच्या सकाळची बाबांची नोंद मराठीत उतरवली तर अशी:

#नोंद१ – प्रकार – निरीक्षण
#नोंद१ – वेळ – २०२५-०१-१४, ०६:४०, +०५:३०
#नोंद१ – काय मोजलं – लोइंक ४१६५३-७
#नोंद१ – मूल्य – १२६
#नोंद१ – एकक – मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर
#नोंद१ – स्थिती – उपाशीपोटी

गुणधर्मांची नावं मनाने ठरवू नका. निरीक्षण, निरीक्षणाची वेळ, निकाल यांसाठी सोसा नावाची शब्दावली २०१७ पासून प्रमाण म्हणून उपलब्ध आहे. काय मोजलं हे सांगायला मी लोइंकचा संकेतांक घेतला. जगभरच्या प्रयोगशाळा तपासण्यांना हे क्रमांक वापरतात. ४१६५३-७ म्हणजे बोटाच्या टोकाच्या रक्तातली, ग्लुकोमीटरने मोजलेली साखर. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन उपाशीपोटी मोजलेल्या साखरेचा क्रमांक वेगळा आहे, १५५८-६. घरच्या मशीनचा आकडा आणि लॅबचा आकडा एकाच रांगेत मिसळले तर आलेख चुकीचं बोलतो. क्रमांक वेगळे ठेवले की ही चूक होत नाही.

एकक नोंदीतच का? माझी बहीण लंडनला असते. तिथल्या डॉक्टरांकडे साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये सांगतात. आपला १२६ तिथे ७.० होतो, कारण १८ ने भागायचं. एकक फाइलीत लिहिलेलं असेल तर तिकडचं ॲप स्वतः भागाकार करेल. नसेल तर कुणीतरी अंदाज बांधेल, आणि औषधाच्या बाबतीत अंदाज नको.

वेळेबरोबर +०५:३० लिहायचं कारणही तसंच आहे. जावास्क्रिप्टची नेहमीची वेळ-लेखन पद्धत सगळं ग्रीनिचच्या वेळेत बदलते. १ जानेवारीला पहाटे ५ वाजताची नोंद त्यामुळे ३१ डिसेंबर, रात्री ११:३० अशी होते आणि मागच्या वर्षाच्या फाइलीत जाऊन बसते. तारीख नेहमी मोजणाऱ्याच्या घड्याळातून घ्या.

आणि एक खास आपल्याकडची अडचण. बाबांच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे, ते ‘१२६’ देवनागरीत टाइप करतात. जावास्क्रिप्टला तो आकडा कळत नाही, ‘हा अंक नाही’ असं उत्तर येतं. अंकांसाठी असलेला इनपुटचा प्रकारही देवनागरी अंक घेईलच असं नाही. म्हणून साधा मजकुराचा इनपुट ठेवा, देवनागरी अंक आधी बदलून घ्या, मग मूल्य बनवा. फाइलीत नेहमीचे इंग्रजी अंक, पडद्यावर दाखवताना पुन्हा मराठी. ‘एमआर-आयएन’ हे लोकेल, म्हणजे भाषा आणि देशाची खूण, दिली की ब्राउझर ते स्वतः करतो.

फाइली कशा विभागायच्या

सॉलिडमध्ये परवानगी फाइलीला किंवा फोल्डरला लागते, आतल्या एका ओळीला नाही. म्हणजे जे वेगवेगळ्या माणसांना दाखवायचं आहे ते वेगवेगळ्या फाइलीत हवं. फोल्डरची रचना करताना तुम्ही नकळत घरातल्या गुपितांची रचना करत असता.

बाबांना आकड्याशेजारी टीप लिहायची सवय आहे. १४ जानेवारीची टीप: ‘काल रात्री तिळाच्या तीन वड्या.’ आकडे बहिणीला दाखवायला त्यांची हरकत नव्हती, टिपा मात्र नको म्हणाले. पहिल्या आराखड्यात मी दोन्ही एकाच फाइलीत ठेवलं होतं, ते मोडावं लागलं. शेवटी असं ठरलं:

साखरवही/नोंदी/ – महिन्याला एक फाइल
साखरवही/खासगी/ – टिपा, त्याही महिन्याला एक
साखरवही/आवक/ – बाहेरून येणारे रिपोर्ट

महिन्याला एक फाइल का? प्रत्येक नोंदीला वेगळी फाइल केली तर वर्षाच्या आलेखासाठी ७३० वेळा सर्व्हरकडे जावं लागतं आणि साध्या फोनवर ते जाणवतं. सगळं एकाच फाइलीत ठेवलं तर रोज सकाळी अख्खा इतिहास उतरवावा लागतो. महिना हे मधलं माप आहे, साठेक नोंदी.

फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा, मराठीवर कितीही प्रेम असलं तरी. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ अक्षरांचं होऊन जातं. ‘साखरवही’ हा एक शब्द ६३ अक्षरांचा होतो. मराठी नाव फाइलीच्या आत शीर्षक म्हणून लिहा, भाषेच्या खुणेसह.

लॉगिन आणि घर शोधणं

इनरप्टची ब्राउझरसाठीची ऑथेंटिकेशन लायब्ररी घ्या. वापरणाऱ्याला त्याचा वेबआयडी विचारा. त्या पानावर त्याची ओळखसेवा कोणती ते लिहिलेलं असतं. ते वाचून त्याला तिकडे पाठवा. पासवर्ड तो तिथे देतो, तुमच्या ॲपला दिसतही नाही. परत आल्यावर, पान उघडताक्षणी, आलेलं उत्तर हाताळणारं फंक्शन चालवा आणि त्यात जुनं सत्र पुन्हा उभं करण्याचा पर्याय चालू ठेवा. नाहीतर पान ताजं केलं की लॉगिन गेलं, आणि बाबांसारखा माणूस दुसऱ्या दिवशी ॲप सोडून देतो.

यापुढे सगळ्या मागण्या या सत्राने दिलेल्या फेच फंक्शनमधूनच करा. ब्राउझरचं साधं फेच वापरलं तर ४०१ येतो, म्हणजे ‘तू कोण ते सांगितलं नाहीस.’ ४०३ आला तर अर्थ वेगळा: ‘ओळखलं, पण तुला परवानगी नाही.’ हा फरक समजला की निम्मा वेळ वाचतो.

मग नोंदी कुठे लिहायच्या? पत्ता कोडमध्ये कोरू नका. वेबआयडीच्या पानावर साठवणीची जागा सांगणारं विधान असतं, तिथून पॉडचा पत्ता घ्या. एखाद्याचे दोन पॉड असतील तर त्यालाच विचारा. आत कुठलं फोल्डर, यासाठी टाइप इंडेक्स नावाची यादी असते. ‘निरीक्षणं अमुक ठिकाणी आहेत’ अशी ओळ आपल्या ॲपने तिथे टाकली की दुसरं ॲपही तिथे पोचतं. आरोग्याच्या गोष्टी खासगी इंडेक्समध्येच टाका, सार्वजनिक इंडेक्समध्ये नको. साखर नोंदवतो एवढं कळणंसुद्धा पुष्कळ सांगून जातं.

लिहिणं, आणि दोघांनी एकाच वेळी लिहिणं

वाचायला सॉलिड-क्लायंट लायब्ररीत डेटासेट, म्हणजे एका फाइलीतली सगळी विधानं, आणण्याचं फंक्शन आहे. त्यातून हवी ती नोंद काढायची, बदलायची, डेटासेट परत जतन करायचा. फंक्शनं सरळ आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. ठेच लागते ती दोन ठिकाणी.

पहिली: नवा डेटासेट जतन करताना लायब्ररी सर्व्हरला सांगते की फाइल आधीपासून नसेल तरच लिही. म्हणून रोज सकाळी कोरा डेटासेट बनवून त्याच पत्त्यावर टाकायला गेलात तर दुसऱ्या दिवशी ४१२ येतो. हे तुमच्या भल्याचंच आहे, नाहीतर महिन्याच्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या. आधी फाइल आणा, ४०४ आला तरच नवी करा. आणि जतन केल्यावर फंक्शन जो डेटासेट परत देतं, पुढचे बदल त्याच्यावरच करा, हातातल्या जुन्यावर नाही.

दुसरी: आई एका फोनवर आणि बाबा दुसऱ्यावर. पूर्ण फाइल पुन्हा लिहिली तर नंतरचा आधीच्याला पुसतो. म्हणून पॅच वापरा. त्यात फक्त ‘या ओळी घाल, त्या ओळी काढ’ एवढं जातं. नव्या नोंदी अशा बिनधोक एकत्र येतात. जुनी नोंद दोघांनी एकदमच दुरुस्त केली तर काढायची ओळ सापडत नाही आणि सर्व्हर ४०९ देतो. तिथे गुपचूप पुन्हा प्रयत्न करू नका. ताजी फाइल आणून दोन्ही आकडे दाखवा आणि माणसाला निवडू द्या.

परवानग्या

कम्युनिटी सर्व्हरमध्ये सहसा वेब ॲक्सेस कंट्रोल ही पद्धत असते. चार हक्क आहेत: वाचणं, लिहिणं, भर घालणं, आणि परवानग्याच बदलण्याचं नियंत्रण. ज्या फाइलीला स्वतःची परवानगी-फाइल नाही तिला वरच्या फोल्डरची लागू होते. पण स्वतःची आली की वरची पूर्ण गळून पडते, दोन्हींची बेरीज होत नाही. बहिणीला वाचनाचा हक्क देताना नव्या परवानगी-फाइलीत फक्त तिचंच नाव लिहिलं, तर मालकच बाहेर. काही सर्व्हर मालकाचं नियंत्रण राखून ठेवतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मालकाची ओळ आधी लिहा, मग पाहुण्यांची.

फोल्डर वाटताना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात: हे फोल्डर, आणि त्याच्या आतलं सगळं. पहिलीच सांगितली तर बहिणीला फाइलींची यादी दिसते, फाइल उघडत नाही. दुसरीच सांगितली तर फाइल उघडते, पण तिचं नाव काय ते तिला कळत नाही. परवानगी-फाइलीचा पत्ता अंदाजाने बनवू नका, सर्व्हर उत्तराच्या लिंक हेडरमध्ये तो देतो. इनरप्टच्या लायब्ररीतलं युनिव्हर्सल ॲक्सेस हे मॉड्यूल यातलं बरंच अंगावर घेतं.

भर घालण्याचा हक्क मला फार आवडतो. आवक फोल्डरवर तेवढाच दिला तर लॅब रिपोर्ट टाकू शकते, पण आत आधी काय आहे ते वाचू शकत नाही. पत्राच्या पेटीसारखं. आज लॅबकडे वेबआयडी नसतो, त्यामुळे ते काम सध्या माझी एक छोटी स्क्रिप्ट करते.

डॉक्टरांकडेही वेबआयडी नाही. मग नोंदी सगळ्या जगाला खुल्या करून ‘लिंक कुणाला माहीत नाही’ यावर समाधान मानायचा मोह होतो. करू नका. असा पत्ता व्हॉट्सॲपवरून तीन जणांकडे जायला एक दिवस पुरतो. मी ॲपमध्ये छापायचं बटण दिलं. एका पानावर तीन महिने, आकड्यांसकट.

काय होत नाही, तेही ऐका

पॉड म्हणजे तिजोरी नाही. सॉलिड आपणहून मजकूर कुलूपबंद करत नाही. सर्व्हर चालवणाऱ्याला फाइली वाचता येतात, म्हणून तो कोण हे महत्त्वाचं. एकदा परवानगी दिलेल्या ॲपने प्रत काढून ठेवली तर परवानगी मागे घेऊन ती प्रत परत येत नाही. हजार पॉडमधून सरासरी काढायची असेल तर हजार दारं ठोठवावी लागतात. अशा कामाला ही रचना संथ आहे, आणि ती मुद्दामच तशी आहे असं मला वाटतं.

कायद्याचंही थोडं. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पाहण्याचा, दुरुस्तीचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, असा नेण्याचा नाही. आकड्यांऐवजी रेघांची पीडीएफ मिळाली तर भांडायला तिथे आधार सापडत नाही. आपल्याकडे ही रचना जास्त हवी, असं मी म्हणतो ते यामुळे.

लॅपटॉपवरून बाहेर

घरात नीट चाललं की भाड्याचा छोटा सर्व्हर आणि स्वतःचं डोमेन घ्या. एचटीटीपीएस हवंच. सर्व्हर सुरू करताना डॅश बी पर्यायाने कायमचा पत्ता द्या आणि तो आधी नीट ठरवा. पत्ता बदलला की वेबआयडी बदलतो, आणि दिलेली प्रत्येक परवानगी जुन्या ओळखीच्या नावावर राहते. फाइलींच्या आत स्वतःकडे बोट दाखवताना पूर्ण पत्ता न लिहिता सापेक्ष पत्ता लिहिला तर स्थलांतर पुष्कळ सोपं जातं. बॅकअप म्हणजे त्या फोल्डरची प्रत, रोज रात्री, दुसऱ्या मशीनवर.

शेवटची परीक्षा अशी घ्या. पेनी नावाचा पॉड-ब्राउझर आहे, त्यात नोंदी उघडून बघा. तुमचा कोड न पाहिलेल्या माणसाला त्या कळतात का? मग त्याच नोंदी वाचणारं दुसरं, अगदी लहान ॲप लिहा, पहिल्यातली एकही ओळ न उचलता. आणि पहिलं ॲप सर्व्हरवरून पुसून टाका.

मी रविवारी दुपारी पुसलं. बहिणीने लंडनहून दुसरं ॲप उघडलं, स्वतःच्या वेबआयडीने आत आली. १४ जानेवारीसमोर तिला ७.० दिसलं. मग मी तिला खासगी फोल्डरचा नेमका पत्ता पाठवला आणि उघडून बघ म्हटलं. ४०३.